बोळवणीची गाडी

बाबा गेल्यावर त्यांच्या बहुतेक वस्तूंचं काय करायचं ते आपोआप ठरत गेलं. कपडे आईने वाटून टाकले. बाबा वीज खात्यात वायरमन होते. त्यांची पक्कड आणि खांबावर चढताना बांधायचा पट्टा त्यांच्या जोडीदाराने आठवण म्हणून मागून नेला. चष्मा मी माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवला. राहिली ती गाडी. घराला लागून टिनाच्या शेडमध्ये ती उभी होती आणि तिच्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं. मी बुलढाण्याला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. शनिवारी घाट उतरून मोताळ्याला आणि तिथून गावी येते. आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवायच्या आधी नजर त्या शेडकडे जायची. गाडी दिसली की बाबा घरात आहेत, ही लहानपणापासूनची खूण होती. डोळ्यांना ती विसरायला वेळ लागत होता.

गाडी पांढरी होती, जुनी होती. मलकापूरच्या एका डॉक्टरांनी ती कंटाळून काढून टाकली तेव्हा बाबांनी घेतली. आमच्या वस्तीतली ती पहिली चारचाकी. गावात जीपगाड्या होत्या, पण आमच्या वस्तीतल्या लग्नाच्या तारखेला त्या नेमक्या कुठेतरी गेलेल्या असत. नाही असं कोणी म्हणत नसे; गाडी मात्र मिळत नसे. वस्तीतल्या मुली ट्रॉलीत बसून सासरी जात. नव्या साडीवर धूळ, मांडीवर पेटी. माझी आईही तशीच आली होती. बाबांनी गाडी आणली त्या संध्याकाळी विहारासमोर माणसं जमली. कोणी तिच्यावरून हात फिरवला, कोणी आत बसून पाहिलं. बाबा एवढंच म्हणाले, "आपल्या पोट्ट्या आता आपल्या गाडीत जातीन."

त्यानंतर त्यांनी कोणालाही नाही म्हटलं नाही. रजा टाकून, स्वच्छ पांढरा शर्ट घालून ते स्वतः गाडी चालवत. पेट्रोल घालायचं कोणी म्हटलं तर रागावत.

गाडी बंद पडायची. चढावर पडायची, सपाट रस्त्यावर पडायची, कधी वेशीतच पडायची. पहिल्या बोळवणीला ती गावाबाहेर, नवरीच्या बापाच्या विहिरीजवळच थांबली. नवरी खाली उतरली, विहिरीचं पाणी प्याली, पुन्हा एकदा सगळ्यांच्या गळ्यात पडली आणि हसत गाडीत बसली. तिचं पुढे चांगलं झालं. त्यानंतरच्या एका मुलीच्या वेळी गाडी कुठेच थांबली नाही, थेट सासरच्या दारात गेली; ती मुलगी वर्षभरात माहेरी परत आली. एवढ्यावर वस्तीने ठरवून टाकलं, की गाडी थांबली तर संसार टिकतो.

आम्ही मुहूर्त न पाहणारी माणसं. शुभ-अशुभ मानू नये हे विहारात दर रविवारी ऐकलेलं, आणि मनापासून पटलेलंही. पण पंचांग सोडलेल्या माणसांनी एका गाडीत आपला मुहूर्त शोधला होता आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. बाबा हसून म्हणत, "हे काई अंधश्रद्धा नोहे. हे कार्बोरेटर होये."

मग त्यातून रीत झाली. गाडी थांबली की पहिला धक्का नवरीच्या मामाने द्यायचा, तो त्याचा मान. मामा आणि त्याच्या बरोबरीचे दोघं-तिघं मोटारसायकलवर मागून येत. एकदा एका मामाचा मान हुकायची वेळ आली. गाडी चक्क चालत राहिली. मागून मामाने मोटारसायकल पुढे आणली आणि खिडकीशी येऊन म्हणाला,

"काऊन भाऊ, आमची पोट्टी का नावडती हाये?"

"अरे बाप्पा, आता चालून राह्यली तर मी काय करू?"

"मले काई सांगू नका. सगळ्याईच्या मामानं ढकलली, मीच काऊन नाई?"

बाबांनी पुढच्या वळणावर गुपचूप किल्ली फिरवून गाडी बंद केली. मामाने फेटा सावरून धक्का दिला. त्या रात्री घरी आल्यावर बाबा हे सांगताना इतके हसले की आईला त्यांच्या हातातून ताट काढून घ्यावं लागलं.

त्यामुळे गाडी कधी नीट दुरुस्त झाली नाही. मोताळ्याचा मिस्त्री म्हणे, इंजिनाचं काम एकदा करून टाका. बाबा म्हणत, लग्नसराई होऊ द्या. लग्नसराई झाली की पेरण्या यायच्या. आणि ज्या गाडीचं थांबणं सगळ्यांना हवं असतं, तिच्या बाकीच्या दुखण्यांकडेही माणसं त्याच नजरेने पाहू लागतात. आरसा पडला, हशा झाला. दार आतून उघडेना, खिडकीतून हात बाहेर काढून उघडलं, पुन्हा हशा. पुढे ब्रेक कमी लागायला लागला. एकदा दाबला की पायडल नुसतं खाली जायचं, लागोपाठ पुन्हा दाबलं की मग धरायचं. हेही आम्ही सगळे गमतीने सांगायचो, "आमच्या गाडीले दोनदा सांगा लागते." बाबांच्या पायाला त्याची सवय होती.

बाबा पावसाळ्यात गेले. छातीत दुखतं म्हणून स्वतः चालत दवाखान्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं ते तसं. घर माणसांनी भरलेलं होतं. मी आलेल्यांच्या चपला सरळ करत राहिले. आई भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच सांगत होती, की सकाळी त्यांनी चहा अर्धा ठेवला.

उन्हाळा लागला तेव्हा शेजारच्या एका मुलीचं लग्न ठरलं. सासर रोहिणखेडचं. तिचे वडील घरी आले, उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "वहिनी, कसं बोलू कळत नाई. पण पोरगी म्हनते, गाडी आपलीच पाह्यजे." आई लगेच उठली आणि खिळ्यावरची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. कितीतरी महिन्यांनी मी तिला इतक्या चटकन उठताना पाहिलं. चालवायला माझा चुलतभाऊ तयार झाला. तो ट्रॅक्टर चालवतो, हात पक्का आहे. आईने आदल्या दिवशी स्वतः गाडी धुतली. काचा पुसताना ती गाडीशी काहीतरी बोलत होती. मी जवळ गेले नाही.

लग्न दुपारी लागलं. बोळवणीला मी पुढे बसले, मागे नवरी, नवरा आणि आई. गाडी गावातून निघाली आणि थांबली नाही. मागून मोटारसायकलींचे हॉर्न वाजत होते. नवरीने रडून डोळे सुजवलेले, तरी तीच हळूच म्हणाली, "दादा, थांबव ना एकदा. मामा आस लावून बसले."

"थांबते, थांबते," भाऊ म्हणाला. "ते तिच्या मनानं थांबते."

पुढे नाल्याकडे उतार होता. खाली अरुंद पूल, आणि पुलावर बैलगाडी. भावाने ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. मग तो दाबतच राहिला आणि त्याचा पाय खालच्या पत्र्यावर आपटल्याचा आवाज मला ऐकू येत राहिला. पुलाच्या अलीकडे एका शेताच्या बांधाशी उपटलेल्या पऱ्हाटीचा मोठा ढीग होता. कपाशीच्या त्या वाळलेल्या काड्यांत त्याने गाडी घातली.

मोठा आवाज झाला नाही. काड्या मोडण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग सगळं शांत झालं आणि त्या शांततेत मागून मामांचा आनंदाने भरलेला आवाज आला. "थांबली बे, थांबली! म्या म्हटलं नव्हतं?" ते बाह्या सरसावत, हसत धावत येत होते. त्यांच्या मागे दोघं टाळ्या वाजवत होते. मामांनी दोन्ही हात गाडीच्या पाठीवर टेकवले, धक्का द्यायच्या बेतात वाकले, आणि काचेतून त्यांना आतलं दिसलं.

नवरीच्या कपाळावरून रक्त पांढऱ्या साडीवर उतरत होतं. आईने आपला हात तिच्या छातीपुढे आडवा धरला होता आणि तो ती खाली घेत नव्हती. नवऱ्या मुलाला काही झालं नव्हतं, पण तो घाबरून दार उघडायचा प्रयत्न करत होता, आणि ते दार आतून उघडत नसे.

मामा टेकलेले हात काढायचे विसरले. तसेच वाकून उभे राहिले.

जखम मोठी नव्हती. टाके पडले, नवरी दुसऱ्या दिवशी फोनवर नीट बोलली. आईचं मनगट सुजलं होतं, ते उतरलं. कोणी आम्हाला दोषाचा एक शब्द बोललं नाही, आणि तेच मला सहन होत नव्हतं. उलट लोक म्हणू लागले, गाडीने सांभाळलं, नाल्यात नाही गेली, ढिगात गेली. आठवडा गेला असेल नसेल, वस्तीतली आणखी एक बाई येऊन आईला सांगून गेली की तिच्या मुलीचं लग्नही जवळ आलं आहे, गाडी तेवढी नीट करून ठेवा.

मी मिस्त्रीला गाडी दाखवली. त्याने खाली सरकून पाहिलं, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "ताई, ब्रेक करून देईन. पन खालून पत्राच नाई राह्यला. कशाले बसवू?"

मी काढून टाकायचं ठरवलं. भंगारवाल्याशीही बोलले. हे सगळं आईला न सांगता. पण बुलढाण्याला आरटीओ कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एजंटाने सांगितलं, की गेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी अशी देता येत नाही. आधी वारसाच्या नावावर करा, मग तो वारस काय ते ठरवेल. बाबांचा पहिला वारस आई होती. म्हणजे जी गोष्ट मी तिच्यापासून लपवून उरकणार होते, ती तिच्याशिवाय होणारच नव्हती.

एका शनिवारी मी तिला सांगितलं. गाडी तिच्या नावावर होईल हे सांगितलं, आणि का करायची तेही. ती डाळ निवडत होती. निवडणं थांबलं नाही.

"माह्या नावानं?"

"हो."

"माह्या नावानं तर राशन कार्डबी नोहतं, तुया बाबाचंच होतं." थोड्या वेळाने म्हणाली, "आन् मग मीच काढून देऊ?"

पुस्तकांत मी मायलेकींचे किती संवाद वाचले असतील. त्यांतलं एकही वाक्य त्या स्वयंपाकघरात उभं राहिलं नसतं.

सही करायला ती माझ्याबरोबर बुलढाण्याला आली. सावकाश, अक्षर लावत सही केली. काही दिवसांनी गाडी तिच्या नावावर झाली आणि मी वाट पाहू लागले. मी विचारत नव्हते, ती सांगत नव्हती. शनिवारी आले की ती कधी शेडमध्ये खुर्ची टाकून बसलेली दिसे. गाडीत नाही, गाडीजवळ. मला वाटू लागलं, ती देणार नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्याने थोडं बरंही वाटत होतं.

मग ती बाई पुन्हा आली, लग्नाचं आमंत्रण घेऊन. मी घरीच होते. पाणी झालं, विचारपूस झाली, आणि तिने विषय काढला. "मंग अक्का, गाडीचं पक्कं धरू ना?"

आई म्हणाली, "नाई."

बाईला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "नाई म्हंजे?"

"गाडी नाई देनार मी. तुया पोरीले नाई, कोनालेच नाई. मोडीत देऊन राह्यली."

आमच्या दारातून गाडीला नकार मिळालेलं वस्तीतलं ते पहिलं माणूस. बाईचा चेहरा उतरला. ती वाईट नव्हती. लग्नाला आलेल्या लेकीची आई होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "भाऊ असते तर त्याईनं नाई म्हटलं नसतं."

मी पुढे सरकले, काहीतरी बोलून ते झाकायला. आईने मला हाताने थांबवलं.

"असते तर त्याईनं चालवली असती," ती म्हणाली. "ते नाईत. ते मेले, बाई."

पावसाळ्यापासून तिने हा शब्द उच्चारला नव्हता. गेले, नाहीत, सोडून गेले, असं सगळं म्हणून झालं होतं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठून आईजवळ जाऊन बसली. मी चहा टाकायला आत गेले आणि दूध कुठे ठेवलं आहे ते मला आठवेना.

गाडी नेली त्या दिवशी मी मुद्दाम कॉलेजात होते. दुपारी आईचा फोन आला. "नेली," ती म्हणाली.

"बरं."

"शेड झाडून घेतलं."

"जेवलीस का?"

"बसून राह्यली आता."

दोघींनीही फोन ठेवला नाही. तिकडून भांड्याचा आवाज आला, मग ताट खाली ठेवल्याचा. ती जेवत होती आणि मी ऐकत होते.