पाणी चांगलं आहे

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतेय — मलाच नीट माहीत नाही.

चाकणच्या मागच्या अंगाला, कारखान्यांच्या शेडना लागून एक वस्ती आहे. तिथं रुखसाना राहते. नवरा मेकॅनिक, एकच मुलगी — शाहीन. तेव्हा मी पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या संघटना एकत्र आणत होते. कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, जमिनी गेलेले गावकरी. पाणी, घर, दवाखाना हा आपला हक्क आहे, सगळे मिळून मागू — असं सांगत फिरायचे. छान बोलायचे मी.

रुखसाना मला भर दुपारी वस्तीच्या बोअरवर घेऊन गेली. पाणी नितळ होतं. पण तिथं — कसं सांगू? — काहीतरी चुकत होतं. कावळा नाही, माशी नाही. एवढ्या ओलीत गवताची काडी नाही. कुत्री उन्हात धापा टाकत बसलेली, बोअरखाली साचलेल्या डबक्याकडे पाठ करून.

"जनावर तोंड लावत नाय, ताई," ती म्हणाली. तिनं बाटली भरून दिली. "तपासून आणा. तुम्ही सांगाल तसं करू."

शेजारच्या शेडमध्ये लोखंडी भागांना रसायनात बुडवून मुलामा द्यायचं काम चालायचं. शेड तानाजीभाऊंची. आणि तानाजीभाऊंच्या शब्दावर आसपासची गावं आमच्या आघाडीत आली होती. बाटलीचं कानावर गेल्यावर ते म्हणाले, "बाई, आमी संगं हाय. फकस्त आमच्या दारात उकरू नगा."

बाटली मी तपासायला दिलीच नाही. घरी मोरीत ओतली. पाणी वाहून गेलं, फरशीवर हिरवट डाग राहिला. घासला — गेला नाही.

आणि रुखसानाला सांगितलं, पाणी चांगलं आहे.

तिचा चेहरा केवढा उजळला! दारोदार सांगत सुटली — ताईंनी तपासलंय, प्या. लांबून टँकरचं पाणी आणणाऱ्या बायकाही बोअरवर यायला लागल्या. मी गेले की शाहीन तांब्या भरून पुढं करायची. माझा दरवेळी काहीतरी उपास असायचा. मग तेच पाणी ती समोर बसून गटागट प्यायची, आणि मी तिच्या गळ्याकडे बघत राहायचे. थांबवलं का नाही? एक शब्द पुरला असता.

पुढच्या उन्हाळ्यात शाहीनचे पाय सुजले. मग चेहरा. किडन्या निकामी झाल्या, डॉक्टर म्हणाले. पोर गेली. त्या पाण्यानंच? ठाऊक नाही. ते कळायची सोय मीच ठेवली नव्हती.

आघाडी मात्र उभी राहिली. मोठी सभा झाली, पहिली मागणी स्वच्छ पाण्याची. तानाजीभाऊंनी हात वर केला. मीही केला.

सभा संपल्यावर रुखसाना गर्दीतून माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "बरं झालं ताई, तुम्ही पाणी तपासलं होतं. नायतर जन्मभर वाटलं असतं, मीच पोरीला जहर पाजलं."

मी हो म्हटलं.

वस्तीत आजही तेच पाणी पितात.