गांडुळं आली, वावर मऊ हाय

किस्से हे कंपोस्टच्या ढिगासारखे असतात. रोज थोडा काडीकचरा पडत जातो आणि आपलं लक्षही नसतं. मग एखाद्या दिवशी सहज हात घालावा, तर आत अजून गरम! माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, बोलणंही हळू. पण तुम्ही बसलाच आहात, तर तेलुगू मुलखातल्या वांकिडीकडच्या आमच्या पाच जणांच्या गटाचं सांगतो. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. सरकारनं तेव्हा बिनऔषधाच्या शेतीची योजना काढली होती.

* * *

शेती खात्याचा साहेब जीपमधून आला. तरुण, तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचा. लिंबाखाली सगळ्यांना बसवून त्यानं योजना सांगितली. तीन वर्षं युरिया नाही, फवारणी नाही. बदल्यात सरकार खताचं टाकं बांधून देणार, त्यावर छप्पर, आत सोडायला गांडुळं आणि हिरवळीच्या खताचं बी. मात्र दरवर्षी तपासणी होणार.

आमच्यातला शंकर म्हणजे तोंडाळ माणूस. तो उठला.

"साहेब, माह्या जवानीत तुमचंच खातं युरियाची थैली घेऊन आलं होतं. तवा शेणखत टाकणाऱ्याले येडा म्हणे. आता गांडुळं वाटून राह्यले. एकदाचं ठरवा न!"

साहेबानं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "उस टाइम मैं नहीं था."

"मी होतो न साहेब!"

सगळे हसले, साहेबसुद्धा. पण आमच्या गटातला जयराम हसला नाही. तो उठला, कागदाजवळ गेला आणि सगळ्यांच्या आधी अंगठा लावून मोकळा झाला.

* * *

जयराम का उठला ते आम्हाला माहीत होतं. त्याचा एकुलता एक मुलगा मधुकर आदल्या वर्षी कपाशीवर फवारता फवारता औषध भिनून ओळींमधेच पडला होता. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेला. चौथ्या दिवशी डोळे नीट उघडले, तेव्हा म्हणाला, "बा, ज्या वावरात पंप चालते त्या वावरात मी पाय टाकत नाई." आणि गेला मंचेरियलला, कोळशाच्या खाणीत.

जयरामचा हिशेब सरळ होता. फवारणीचा पंप गेला की पोरगा येईल.

* * *

अर्ज तेलुगूत होता. आमच्या शाळेचे वामनगुरुजी तो भरून देत होते. घरात शेतीवर राबणारे किती, असा एक रकाना होता.

जयराम म्हणाला, "तीन."

"तू आन सखूबाई. तिसरा कोण?"

"मधुकर."

"तो मंचेरियलला हाय न, जयराम?"

"तीन लिवा, गुरुजी."

गुरुजींनी तीन लिहिले. पुढं साहेब अर्ज घेऊन घरी आला. माणसं मोजून म्हणाला, "तीसरा किधर है?"

जयराम म्हणाला, "आ रहा है."

साहेबानं खरोखरच मान वळवून रस्त्याकडे पाहिलं!

* * *

योजनेत आलेल्यांनी घरात फवारणीचा पंप ठेवायचा नाही, असं आमच्या गटानं ठरवलं होतं. शंकरनं आपला पंप शेजारच्या गावी विकून टाकला. जयरामच्या पंपालाही गिऱ्हाईक आलं. चांगला पंप होता, वॉशरसुद्धा नवं.

सखूबाई, म्हणजे जयरामची बायको, दारात आडवी उभी राहिली. "नाई देत."

"काऊन वो वहिनी? ठेवून का लोणचं घालता?" शंकरनं विचारलं.

"घेणाऱ्याच्या घरी बी पोरगं असन न, भाऊजी."

तिनं तो पंप लोहाराकडे नेला आणि समोर उभं राहून घणानं चपटा करून घेतला. शंकर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलला नाही. शंकर! संध्याकाळपर्यंत!

* * *

गांडुळं आली ती आदिलाबादहून, एसटीनं. साहेबाची जीप बिघडली होती, म्हणून तोच ओलं पोतं मांडीवर घेऊन बसला. बस खच्चून भरलेली. शेजारच्या बाईनं विचारलं, "इसमें क्या है भैया?"

साहेब खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं पोत्याचं तोंड उघडून दाखवलं.

वांकिडीपर्यंत पूर्ण सीट साहेबाला एकट्याला! आणि तिथं उतरल्यावर आम्हाला म्हणाला, "बहुत आराम से आया."

* * *

जयरामचं टाकं वावरातच होतं. सखूबाई त्यावर दिवसातून दोनदा पाणी शिंपडायची आणि ओलं पोतं वर करून आत बघायची. काही बोलायचीसुद्धा, पण आम्ही जवळ गेलो की गप्प. महिन्याभरात गांडुळं अशी माजली की बघत राहावं. एक शेजारीण आली आणि म्हणाली, "अवो माय! किती गुबगुबीत झाले वो तुमचे!"

झालं. सखूबाईला वाटलं, नजर लागली. दुसऱ्या दिवशी ती, एवढ्या जिवांची नजर म्हणून, सूपभर मीठ-मोहऱ्या घेऊन गेली आणि टाक्यावरून ओवाळून तिनं नजर काढली. एरवी ते मीठ चुलीत टाकायचं. वावरात चूल कुठून असणार? मग तिनं ते टाक्यातच टाकलं, चारी कोपऱ्यांत सारखं. वरून पाणी शिंपडलं.

दोन दिवसांत सगळी गांडुळं मेली.

सखूबाई टाक्याच्या कडेला बसून राहिली. जयराम फावडं घेऊन आला. त्यानं खारट झालेलं सगळं खत उपसून लांब बांधापलीकडे टाकलं आणि टाकं धुऊन काढलं. तपासणीला आठ दिवस होते. गांडुळं नाहीत म्हणजे नाव कटणार, आणि नाव कटलं की मधुकरला कोणत्या तोंडानं बोलवायचं?

आम्ही चौघांनी आपापल्या टाक्यांतून गांडुळं काढली. कोणी घमेल्यात आणली, कोणी टोपल्यात. शंकरनं धोतराच्या सोग्यात आणली. जयरामचं टाकं भरलं.

साहेब आला, त्यानं हात घातला, मूठभर खत वर काढून पाहिलं आणि 'ठीक' असं लिहिलं. आम्ही श्वास सोडला. निघताना तो सखूबाईजवळ थांबला. शंकरचं तोंड कधी बंद राहिलंय? त्यानं रस्त्यातच सगळं सांगून टाकलं होतं!

साहेब जमेल तशा मराठीत म्हणाला, "बाई, नजर काढा. मीठ घरी."

* * *

दुसरं वर्ष वाईट गेलं. बोंडअळी आली. आजूबाजूला सगळीकडे पंपांचा आवाज, आणि आम्ही निंबोळ्या कुटून त्यांचं पाणी कडुलिंबाच्याच डहाळ्यांनी झाडांवर शिंपडतोय. जयराम आणि सखूबाई सकाळपासून एकेका ओळीनं अळ्या वेचायचे. शंकर म्हणायचा, "वेचा, वेचा. नावं बी ठेवा एकेकीची!" असं म्हणायचा आणि स्वतः शेजारच्या ओळीला लागायचा.

त्याच दिवसांत जयराम गुरुजींकडे मधुकरला पत्र लिहून घ्यायला जायचा. मी सोबत असायचो. मजकूर ठरलेला. पंप मोडला. गांडुळं आली. वावर मऊ हाय.

एकदा गुरुजी थांबले. "'घरी ये' असं लिवू काय खाली?"

"नको."

"अरे, मग त्याले कसं समजन?"

"वावर मऊ हाय, असं अजून एक डाव लिवा."

गुरुजींनी लिहिलं.

* * *

तिसऱ्या वर्षाची तपासणी झाली आणि त्यानंतर महिन्याभरानं मधुकर आला. खाणीला दोन दिवसांची सुट्टी होती. बापाशी बोलला ते पाऊसपाण्याचं. दुपारी एकटाच वावरात गेला. आम्ही बांधावरून बघत होतो. वावराच्या कडेला धुऱ्यावर त्यानं चपला काढल्या आणि ओळीओळीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. मधे दोनदा खाली बसला. जयराम माझा हात धरून उभा होता. मनगट दुखायला लागलं, तरी मी सोडवलं नाही.

परत येणार का, ते संध्याकाळी कोणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

सकाळी सखूबाईनं स्टीलच्या डब्यात चार भाकरी आणि ठेचा भरून दिला. जाता जाता तो डबा घेऊन वावरात जाऊन आला. बस आली, तेव्हा डबा कापडात बांधून छातीशी धरलेला.

"भाकर घेतली न बाप्पा?" सखूबाईनं विचारलं.

"घेतली."

बस गेली. आम्ही तिघं पाणी शिंपडायला टाक्यावर गेलो. कडेवर पळसाच्या पानांवर चारही भाकरी नीट रचून ठेवलेल्या होत्या, वर ठेचा. टाक्यातल्या खतात एका कोपऱ्यात डब्याएवढा ताजा खळगा पडला होता, त्याच्या कडेला दोन गांडुळं वळवळत होती.

सखूबाई बघत राहिली. जयराम खाली बसला. त्यानं भाकरीचे तीन वाटे केले. आम्ही तिथंच बसून खाल्लं. 

मग जयराम हात झटकत म्हणाला, "डबा तर आपला हाय. परत आणून द्याच लागंल त्याले."