टाचा उंचावून

शेजारचे सॉलोमनकाका मला त्यांच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, प्रार्थनेला घेऊन गेले. डोक्याला रुमाल बांधून मी मागच्या बाकाजवळ उभा होतो. समोरच्या भिंतीवर मखमली पडदा होता. प्रार्थनेत एकदम सगळ्यांनी उजव्या हाताने डोळे झाकले, आणि मला वाटलं, आता पडदा सरकणार! देवळातल्या सवयीने मी टाचा उंचावून मान पुढे काढली. पडदा हलला नाही. डोळे उघडे होते ते फक्त माझे.

परतताना काका म्हणाले, "जेरुसलेमच्या आमच्या जुन्या मंदिरात देव ढगातून उतरायचा. मुख्य पुरोहित वर्षातून एकाच दिवशी गाभाऱ्यात जायचा, तोही आधी धुपाचा धूर करून. काही दिसू नये म्हणून."

"मग जायचं कशाला?"

"अरे, भेटायला."

दर्शनाच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना कोपराने सारून मी कितीदा पुढे घुसलोय. देव दिसला की झालं, असंच समजत आलो.

डोळे झाकलेल्या काकांचे ओठ तेव्हा थरथरत होते. त्यांना कुणीतरी भेटत होतं. आणि मी टाचा उंचावून दुसऱ्याच्या घरात डोकावत होतो.