जाईबाईच्या परसातली टाकी

भूम तालुक्यातल्या माळावरचं जाईबाईचं गाव खव्याचं. तिचं माहेरही भट्टीवरचंच. कळती झाल्यापासून ती कढईपुढं बसून उलथनं फिरवायची आणि धूर तिच्या डोळ्यांत घर करायचा. लग्न होऊन उत्तरेश्वरच्या घरी आली तेव्हा डोळे इतके लाल, की नवी नवरी रडतेय असं समजून सासूनं तिला जवळ घेतलं.

दूध सोसायटीनं गोबरगॅसची योजना आणली, तेव्हा उत्तरेश्वरनं पहिलं नाव दिलं ते या डोळ्यांपायी. परसात विटांनी बांधलेला खड्डा, त्यात शेणाचा काला, वर उपडी लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर चढायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. शेगडीवर निळी ज्योत. धूर नाही, राख नाही, वास नाही. गावाला गंमत वाटली. जाईबाईला मात्र परसात एकटं जायला नको वाटायचं. रवंथ करणाऱ्या गाईच्या कुशीसारखी ती टाकी वरखाली व्हायची.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात चारा संपला. बाभळी तर आधीच भट्ट्यांनी खाल्ल्या होत्या. झाड पुन्हा वाढतं, पण भट्ट्यांना तेवढा दम नव्हता. उत्तरेश्वर चंद्री गाय आणि दोन बैल घेऊन परंड्याकडच्या चारा छावणीत राहायला गेला. गोठा ओस पडला. टाकी मात्र सकाळी चढलेलीच असायची.

“जनावरं हितं न्हाईत, मग ही कशी चढती?” जाईबाईनं सोसायटीच्या सेक्रेटरीला, कोंडीरामला, विचारलं.

“काकू, आतलं शेण अजून कुजतंय. महिना-दीड महिना गॅस येईल, मग बंद.”

“अन् रॉकेल?”

“त्याचं उलटं. लाखो-करोडो वर्सांमागं मेलेल्या जिवांचं तेल ते. जमिनीत हाय तेवढंच. जाळलं की गेलं. गॅसचं तसं न्हाय. जनावर जितं हाय, खातंय, तवर गॅस हाय.”

कोंडीराम सायकलवर टांग टाकून गेला, पण त्याचं बोलणं घरात राहिलं. स्टोव्हमध्ये जळतं ते मेलेल्यांचं, शेगडीवर जळतं ते जित्याचं. जितं म्हणजे चंद्री. मग आपण रोज भाकरीपायी तिचा श्वास जाळतोय की काय?

त्या दिवसापासून तिनं शेगडीची चावी बंद केली. रेशनचं रॉकेल स्टोव्हमध्ये ओतलं. शेजारची तुळजाबाई दारातून हसली, “बगा गं, गॅसवाली बाई रॉकेल फुकतीया! गॅस काय लोणच्यागत मुरवत ठिवलाय का?”

जाईबाई स्टोव्हला पंप मारत राहिली. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

एका भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, परसातून कण्हल्यासारखा आवाज आला. ती मागच्या दारात गेली. टाकी कधी नव्हे इतकी वर आली होती. एका अंगाला कलली होती, डाव्या. कडेनं काल्यातून बुडबुडे फुटत होते आणि लोखंड मधल्या दांड्याला घासून कण्हत होतं. वारा तर अजिबात नव्हता.

जाईबाईनं जन्मभर जनावरं पाहिली होती. डावी कूस अशी वर आली की पोटफुगी. हवा मोकळी झाली नाही, तर जनावर तासा-दोन तासांत पाय ताणतं.

गॅस सोडावा तर श्वास संपायचा. ठेवावा तर पोट फुटायचं. छावणी लांब. विचारायचं कुणाला?

ती पुढच्या दारात धावली आणि गल्लीत ओरडली, “तुळजाबाई! पीठ घिऊन या. समद्याजणी या. आज भाकरी माझ्या शेगडीवर.”

“आज कुणाचं लगीन काढलंस?” म्हणत बायका परातीसकट आल्या. शेगडीची दोन्ही तोंडं भणाणली. भाकरीमागून भाकरी फुगत होती, बायका खिदळत होत्या आणि जाईबाई सारखी परसात जाऊन टाकीवर हात ठेवत होती. लोखंड उन्हानं तापलेलं. तिला ते अंगाच्या उबेसारखं लागलं. टाकी उतरली, सरळ झाली, आणखी उतरली. वीतभर उरली तशी तिनं पळत जाऊन चावी बंद केली.

“अगं, माझी तव्यावर हाय!” तुळजाबाई ओरडली.

“कच्ची खावा,” जाईबाई म्हणाली. तिचा चेहरा बघून कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वर एस्टीनं आला. गॅससाठी म्हणून छावणीतलं शेण पोत्यात भरून आणलं होतं. टेकायच्या आतच सांगू लागला, “काल दुपारी चंद्रीचं पोट फुगलं. डॉक्टर जाग्यावर न्हाय. आडवी पडली, म्या आशा सोडली. अन् एकाएकी आपोआपच उतरलं की!”

“आता?”

“बसूनच हाय. चाऱ्याला तोंड लावंना. श्वास लई बारीक चालतोय. शेजाऱ्याला बघाया ठिवून आलोय.” तो शेगडीकडं वळला. “च्या ठिवतो.”

“हात लावू नगा!”

त्यानं चमकून पाहिलं. जाईबाई पोतं ओढत परसात निघाली होती. शेण खड्ड्याच्या तोंडाशी असलेल्या कुंडीत टाकून तिनं टँकरची भरलेली घागर उचलली.

“अगं, प्यायचं पानी हाय ते! परवाबिगर टँकर न्हाय.”

तिनं घागर पालथी केली. कोपरापर्यंत हात घालून काला कालवला, गोळा न् गोळा फोडला आणि खड्ड्यात सोडला. मग उन्हातच बसून राहिली. तोही मागच्या दारात टेकला. ऊन डोक्यावर आलं. टाकी करकरली आणि बोटभर वर सरकली.

“जावा माघारी,” ती म्हणाली. “उठली असंल.”

उत्तरेश्वर तहानलेलाच, मिळाली त्या गाडीनं गेला. छावणीत चंद्री उभी होती, उसाचं वाडं चघळत होती. कधी उठली, असं त्यानं शेजारच्या दावणीवाल्याला विचारलं.

“ऊन डोक्यावर आलं तवा.”

घरी कुणालाच त्यानं हे सांगितलं नाही. पाऊस पडल्यावर तो तिन्ही जनावरं घेऊन परत आला. त्यानंतर घरात कितीही पाहुणे येवोत, शेगडीची चावी फिरवण्याआधी तो जाईबाईला विचारायचा, “लावू का?”

ती परसात जाऊन यायची आणि मग सांगायची.