स्टिकवरचा हात

साइटवर त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसणारा तो वरचा, आणि जमिनीवर उभा राहून वायरलेसवर त्याला इशारे देणारा त्याचा जोडीदार तो खालचा. दोघांची खरी नावं फक्त साहेबांच्या तोंडी येत, आणि तीही साहेब चिडले तरच.

वरच्याचं काम तसं बघितलं तर दोन लिव्हरचं. डाव्या हातातली क्रेनचा लांब दांडा फिरवते, उजव्या हातातली हूक वरखाली करते. इथे बोटभर हललं की तिकडे, पार दूर, टनावारी लोखंड हलतं. नवीन माणसं लिव्हर घट्ट धरतात. हा धरायचा नाही, नुसता हात ठेवायचा, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा. काँक्रीटची भरलेली बादली तो इतकी अलगद टेकवायचा की खालची पोरं म्हणत, हा आमलेटही उलटवेल वरून.

बायकोला त्याच्या केबिनच्या उंचीची भीती वाटायची ती लग्नानंतरची पहिली काही वर्षं. मग सवय झाली. तिला कधी सवय झाली नाही ती त्याच्या रविवारची. आठवडाभर आकाशात बसणारा माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा आकाशातच जातो, हे तिला कोडंच होतं. लेकीच्या जुन्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यापुढे विमानाची काळी स्टिक, आणि पडद्यावर विमान उडवायच्या खेळातलं दोन इंजिनांचं छोटं विमान.

“अहो, तिथेही वर, इथेही वर. जमिनीनं तुमचं काय वाकडं केलंय?”

“क्रेन कुठे जाते का?” तो म्हणायचा. “जिथं उभी केली तिथंच गोल फिरते. हे जातं तरी.”

आणि खरंच ते जायचं. तो विमान उडवायचा, उंची आणि दिशा ठरवून द्यायचा, ऑटोपायलटचं बटण दाबायचा आणि मागे रेलून बसायचा. पंखांखालून डोंगर सरकत, नद्या सरकत. कुणी वायरलेसवर ओरडायला नसे.

गेले काही रविवार मात्र त्या खोलीतून वेगळाच आवाज येऊ लागला होता. एक घंटी, आणि पाठोपाठ त्याचं “अरे!” ऑटोपायलट आपोआप सुटत होता. विमान सरळ चाललेलं असे, हा खिडकीतून ढग बघत असे, आणि एकाएकी घंटी वाजून विमानाचं नाक डावीकडे कलून खाली जाऊ लागे. खेळच तो. विमान पडलं तर पुन्हा धावपट्टीवर उभं करता येतं. पण नाक खाली गेलं की हा उठून खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

त्याने सगळे उपाय करून पाहिले. स्टिकची वायर दुसऱ्या खोबणीत लावली. प्रोग्रॅम काढून नव्याने टाकला. स्टिक उघडून आत स्प्रे मारला. कॉम्प्युटर सांगेल तशी ती चारी दिशांना फिरवून पुन्हा जुळवली. एखादा दिवस बरा जाई, मग पुन्हा घंटी.

“टाकून द्या ती आणि नवी आणा,” बायको म्हणाली.

“नाही,” तो पटकन म्हणाला. “आधी कळू दे, बिघाड कशात आहे.”

त्याला ते का कळायला हवं होतं, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिकडे साइटवर, वर चाललेल्या सळ्यांच्या गठ्ठ्याला उचकी लागली होती. मध्येच एक झटका, मग स्थिर, मग पुन्हा झटका. वायरलेसवर खालचा म्हणाला होता, “वरच्या, काय रे? नाचवतोस का?”

“व्होल्टेज कमीजास्त होतंय,” याने सांगितलं होतं.

इलेक्ट्रिशियन वर चढून बघून गेला. व्होल्टेज ठीक होतं. मग हा म्हणाला, लिव्हर झिजलीय. लिव्हर बदलून झाली. नव्या लिव्हरनंतर काही दिवस बरे गेले, आणि मग एका दुपारी दरवाज्यांच्या चौकटी वर नेताना पुन्हा तीच उचकी. त्या वेळी त्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं नाही. समोर, दूरवर, कुठल्याशा छपरावर वाळत घातलेल्या कपड्यांकडे तो बघत राहिला.

तेव्हापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. घरची स्टिक बिघडलेली निघाली तर साइटचीही लिव्हरच असेल. त्या दोन यंत्रांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे त्यालाही कळत होतं. पण भ्यायलेल्या माणसाला असा हिशोब पटतो.

शेवटी त्याने मेव्हण्याला बोलावलं. मेव्हणा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. बोलायला लागला की थांबायचा नाही, पण हात चांगला होता. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तो स्क्रू-ड्रायव्हरची पिशवी घेऊन लेकीच्या खोलीत शिरला.

“काय भावोजी, किती प्रवासी मारले आतापर्यंत?”

“मालवाहू विमान आहे,” हा म्हणाला.

“म्हणजे पायलट एकटाच गेला. ताई, ऐकलंस का, विम्याचं बघून ठेव!”

“तू आधी दुरुस्त कर,” स्वयंपाकघरातून बायको ओरडली, “मग चहा मिळेल.”

मेव्हण्याने विमान वर नेलं, ऑटोपायलट लावला आणि स्टिकला हातही न लावता तो नुसता बघत बसला. विमान तारेवर टांगल्यासारखं सरळ चाललं. “तुम्ही बसा बरं, नेहमी बसता तसे,” तो म्हणाला. हा खुर्चीत बसला, पाय आत घेतले. घंटी वाजली. नाक डावीकडे कललं.

याच्या तोंडचं पाणी पळालं. मी बसलो की होतं. माझ्यामुळेच होतं.

पण मेव्हणा पडद्याकडे बघतच नव्हता. तो खाली वाकला होता, टेबलाखाली, याच्या गुडघ्यांपाशी. तिथल्या फळीवर लेकीच्या वस्तूंचं एक खोकं होतं. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यावर आईने आवरून ठेवलेलं. मेव्हण्याने खोकं सरकवलं आणि त्याच्यामागून हात घालून काहीतरी ओढून काढलं. गाड्यांच्या शर्यतीचा लेकीचा जुना कंट्रोलर, दोन अंगठ्यांनी चालवायचा. त्याची वायर अजून कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेली होती.

“हा घ्या तुमचा दुसरा पायलट!” मेव्हणा तिथूनच हसायला लागला. “भावोजी, कॉम्प्युटरला वाटतंय विमानात दोघं बसलेत. तुमचा गुडघा खोक्याला लागतो, खोकं याची दांडी दाबतं, आणि ऑटोपायलटला वाटतं की पायलटने सुकाणू हातात घेतलं, म्हणून तो बिचारा सोडून देतो.”

त्याने सेटिंग उघडून त्या कंट्रोलरची सगळी बटणं पुसली, वायर उपटली, आणि कंट्रोलर गादीवर फेकला. पुन्हा ऑटोपायलट. हा मुद्दाम गुडघे हलवत बसला. खोकं दाबलं, टेबल हलवलं. विमान सरळच.

वरच्याचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी तो मोठ्याने हसला. “पोरीनं तिथे बसून माझं विमान पाडलं की!” आतून बायको म्हणाली, “पोरीवर ढकलू नका, खोकं मी ठेवलं होतं,” आणि तीही हसली. बिघाड हातात नव्हता. हातात नव्हताच. उद्या साइटवर भिंतीचे तयार तुकडे चढवायचे होते, या कामातले सगळ्यांत जड, आणि खाली दहा-बारा माणसं. सकाळपासून छातीवर बसलेलं ते काम आता एकदम हलकं वाटू लागलं.

“आता एकदा हाताने उडवून दाखवा,” मेव्हणा म्हणाला. “थांबा, आधी स्टिकचं बघू दे.”

“स्टिक राहू दे.”

“एक मिनिट हो.” त्याने दुसरं पान उघडलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. “हे काय? डेड झोन एवढा? भावोजी, हे कुणी केलं?”

डेड झोन म्हणजे स्टिकच्या मधला असा पट्टा, की त्याच्यात स्टिक कितीही हलली तरी कॉम्प्युटरने तिकडे लक्ष द्यायचं नाही. लोक तो नखाएवढा ठेवतात. इथे तो निम्म्या वाटेपर्यंत गेला होता. तो एका दिवसात तेवढा झाला नव्हता. दर काही रविवारी विमान थरथरायला लागलं की वरच्याने तो किंचित वाढवला होता, दर वेळी मनाशी म्हणत, स्टिक जुनी झालीय.

“स्टिक जुनी झालीय,” तो आताही म्हणाला.

“जुनी झाली तर तसं दिसेल की.” मेव्हण्याने डेड झोन शून्यावर आणला. पडद्यावर एक चौकोन उमटला आणि त्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका. स्टिक जिथे असेल तिथे तो ठिपका. “हात ठेवा. हलवू नका, नुसता ठेवा.”

त्याने हात ठेवला, आयुष्यभर ठेवत आला तसा. ठिपका थरथरू लागला. काचेच्या भांड्यातल्या माशीसारखा, बारीक, अखंड.

“बघितलंत? आत कचरा आहे. काढा हात.”

हात काढला. ठिपका थांबला. खिळा ठोकल्यासारखा.

“ठेवा.”

थरथर.

मेव्हण्याने मग स्वतःचा हात स्टिकवर ठेवला. ठिपका जागचा हलला नाही. त्याने हात काढला, पुन्हा ठेवला, जरा जास्तच वेळ ठेवला. जणू तोही मनातून ठिपक्याला विनवत होता, की हल रे, जरासा तरी हल. ठिपका हलला नाही.

मेव्हण्याने माउस घेतला, डेड झोन होता तितका परत वाढवला आणि पान बंद केलं.

“जुनीच आहे हो स्टिक,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “आहे तशी राहू दे. चालतंय ना? चालतंय तोवर चालू द्यायचं.”

त्या वाक्याने वरचा जितका घाबरला, तितका तो ठिपका बघूनही घाबरला नव्हता. मेव्हण्याने ते प्रेमानं केलं होतं, हे त्याला कळत होतं. आणि त्याला हेही कळलं की साइटवरही असंच कुणीतरी प्रेमानं करील. इलेक्ट्रिशियन करील, साहेब करतील, तो स्वतः तर करतच होता. आणि क्रेनमध्ये एवढा रुंद पट्टा नसतो, जिथे हात थरथरला तरी लोखंड गप्प राहील.

दारात बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती कधी आली हे दोघांनाही कळलं नव्हतं. तिने ट्रे गादीवर, त्या कंट्रोलरच्या शेजारी ठेवला आणि भावाला म्हणाली, “तू जा आता. चहा बाहेर घे.”

तो गेल्यावर ती नवऱ्याजवळ आली. तिने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिथेही तो बारीक थरथरत होता, धरलेल्या पाखरासारखा. “कधीपासून?” तिने विचारलं.

“माहीत नाही. मी बघितलंच नाही.”

“घाबरलात?”

वर चढताना त्याला कधी भीती वाटली नव्हती. आता जमिनीवर, खुर्चीत बसल्या जागी, पायांखाली काही नसल्यासारखं वाटत होतं. हा हात गेला तर मी कोण, हे त्याला कळत नव्हतं. आणि हा हात घेऊन उद्या वर गेलो तर खाली कोण उरेल, हेही.

त्याने खालच्याला फोन लावला.

“बोल रे वरच्या. रविवारी कशी आठवण आली? उसने मागणार असशील तर मी घरी नाही.”

“उद्या मी चढत नाही,” हा म्हणाला.

“का? ताप?”

“हात थरथरतो. उजवा. त्या उचक्या... ते व्होल्टेज नव्हतं.”

पलीकडे मागे कुणाचीतरी टीव्हीवरची मॅच चालू होती. खालच्याने कुणाला तरी आवाज कमी करायला सांगितलं.

“ऐकतोयस ना?”

“ऐकतोय.” त्याचा आवाज उतरला होता. “मी हल्ली लांब उभा राहतो. तुझ्या लक्षात आलं नसेल वरून. आधी गठ्ठ्याच्या पार जवळ यायचो, आता नाही येत. पोरांनाही येऊ देत नाही. तुला कसं विचारू तेच कळेना.”

इतकी वर्षं वरच्याच्या कानात ज्याचा आवाज होता, तो माणूस त्याच्या हाताला भिऊन लांब सरकत होता, आणि वायरलेसवर मात्र रोजसारखा हसत होता.

“विचारायचं होतंस,” तो कसाबसा म्हणाला.

“तूच सांगशील असं वाटत होतं.” मग खालचा म्हणाला, “साहेबांना मी सांगू?”

“नको. मीच सांगतो. तू सांगितलंस तर तुझ्यावर चिडतील.”

“आणि डॉक्टरकडे?”

“जाईन.”

“जाईन नाही. मी येतो बरोबर. कळलं?”

फोन ठेवून त्याने साहेबांचा नंबर काढला. बायको गादीच्या कडेला बसली होती, न प्यालेला चहा बाजूला. “आत्ताच करता?” तिने विचारलं. “संध्याकाळी केला तरी चालेल.”

“संध्याकाळी नाही करवणार.”

रिंग वाजू लागली. एकेका रिंगला त्याला वाटत होतं, नका उचलू. रविवार आहे, झोपले असतील, बाहेर गेले असतील. मग उद्या सकाळी साइटवरच सांगता येईल. आणि उद्या सकाळी केबिनची शिडी समोर असेल, सगळी खोळंबलेली असतील, तेव्हा तो चढेल, हे त्याला पक्कं माहीत होतं.

पलीकडून फोन उचलला गेला.

“बोला,” साहेब म्हणाले.