समोरच्याला काय दिसलं

कागद तुमच्या नाकासमोर धरायचा, डावा डोळा बारीक करायचा आणि विचारायचं, "बोल, काय दिसलं?" कळलं का, असं काकांनी कधी विचारलं नाही. "कळलं का म्हटलं की गाढवसुद्धा मान हलवतं," असं म्हणायचे. आणि हे म्हणताना नेमके माझ्याकडेच बघायचे.

गुडगावात उंच इमारती नुकत्या कुठे उभ्या राहू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. मी पुण्याहून आलेला नवाकोरा इंजिनीअर. डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि डोक्यात भरपूर हवा. काका सरकारी खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, मूळचे मिरजेचे. बायकोची सरकारी नोकरी चालू होती, म्हणून दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर टिकून होतं. तिथून रोज चार्टर्ड बसने साईटवर यायचे. बिल्डरने त्यांना पाट्या रंगवायला ठेवलं होतं. अख्ख्या साईटवर मराठी आम्ही दोघंच. त्यामुळे त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी मला आणि माझी मराठी बडबड त्यांना, असा आमचा व्यवहार होता.

पण हे 'काय दिसलं' नंतरचं बरं का. सुरुवातीचे काका वेगळेच होते. तेव्हा त्यांची छाती पुढे असायची आणि तोंडात एकच वाक्य, "चित्राला दुभाषा लागत नाही." आमच्या साईटवर कोण नव्हतं? बुंदेलखंडातल्या बायका विटा वाहायच्या, बंगालचे गवंडी, ओडिशाचे सळई बांधणारे, राजस्थानचे फरशीवाले. बहुतेकांना अक्षरओळख नाही. "अरे, इथे 'खतरा' लिहिलं काय आणि 'जिलबी' लिहिलं काय, सारखंच," काका म्हणायचे. "चित्र काढावं. जगात कुठेही न्या, माणूस बघताक्षणी समजतो." ठेकेदाराचा मुकादम कुत्सित हसायचा, पण काका त्याला हिंग लावून विचारत नसत.

लिफ्टसाठी प्रत्येक मजल्यावर जागा सोडलेली होती. दार नाही, कठडा नाही, नुसता खाली सरळ जाणारा खड्डा. आडवे बांबू बांधले की दुसऱ्या दिवशी कुणीतरी सोडून चुलीला न्यायचं. म्हणून काकांनी प्रत्येक खड्ड्याशेजारच्या भिंतीवर पाची बोटं पसरलेला मोठा लाल पंजा रंगवला. म्हणजे, थांबा! बास, एवढंच. मीसुद्धा म्हटलं, "झकास, काका."

आठवड्याभराने आम्ही दोघं चौथ्या मजल्यावर गेलो. पंजाला शेंदूर लागला होता. खाली झेंडूची दोन फुलं, विझलेली उदबत्ती. आणि त्या पंजाच्या पायाशी, फाटक्या लुगड्याच्या घडीवर, वर्षाची एक पोर गाढ झोपली होती. तिच्यापासून खड्डा वीतभर. झोपेत एकदा कुशीवर वळली असती की संपलं!

काका चवड्यांवर गेले, पोरीला अलगद उचललं आणि मागे सरकत सरकत जिन्याशी येऊन बसले. तेवढ्यात तिची आई विटांचं घमेलं टाकून धावत आली. पोर रडायला लागली म्हणून तिने काकांनाच झापलं.

"यहाँ क्यों सुलाया?" काकांनी विचारलं.

"मैया का हाथ लगा है, बाबूजी," ती म्हणाली. "यहाँ मोड़ी को कछू नईं होगा."

मोड़ी म्हणजे मुलगी. तिच्या गावाकडे शुभकार्याला बायका हात रंगात बुडवून भिंतीवर पंजे उमटवतात. तसा हात जिथे उमटला ती जागा देवीच्या राखणीतली. साईटभर धूळ, खिळे, कुत्री. त्यात ही एक जागा तिला सुरक्षित वाटली होती. बाई शहाणीच होती. जमेल तेवढी काळजी घेऊनच लेकीला निजवून गेली होती.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. "मी मारत होतो रे तिला," एवढंच दोनदा म्हणाले. मी म्हटलं, "अहो, तुमची काय चूक?" तर असे भडकले की विचारू नका. "माझी नाही तर कुणाची? पंजा म्हणजे थांबा, हे माझ्या मनात होतं. तिला विचारलं होतं मी?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते सगळ्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले. त्या आईच्या हातात कोळसा दिला. म्हणाले, पोरं तिकडे फिरकूच नयेत, बायकांनीही दोन हात लांब राहावं, असं काय काढू, तूच काढून दाखव. ती लाजली, पदर तोंडात धरला, मग खाली बसून चार-पाच रेघा ओढल्या. मला ती खिडकी वाटली. काकांना शिडी वाटली. बायकांनी मात्र तोंडं फिरवली. ती उभी केलेली खाट होती. त्यांच्याकडे घरात माणूस गेलं की त्याची खाट अशी उभी करतात.

काकांनी प्रत्येक मजल्यावरचा पंजा चुना मारून पुसला आणि खाट रंगवली. आमचे मॅनेजर म्हणाले, "ये सीढ़ी क्यों बना दी?" आम्ही पोरसवदा इंजिनीअरांनीही थट्टा केली. पण एकही बाई त्या बाजूला पाऊल टाकेना. पुढे बंगाली गवंडी त्या मजल्यावर आले, तेव्हा काका पुन्हा कागद घेऊन त्यांच्यासमोर. त्यांनाही शिडीच दिसली. झालं! खाटेच्या शेजारी दुसरं चित्र आलं. नवी टोळी आली की काकांची परीक्षा पहिल्यापासून सुरू. इमारत पुरी होईपर्यंत त्या खड्ड्यांत कुणी पडलं नाही. मला मात्र कंटाळा यायचा, हे कबूल करतो.

वर्षं गेली. काकू गेल्या, काका नोएडाला लेकीकडे राहायला गेले. मी गुडगावातच चिकटलो. सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, त्यात ती पिवळी तोंडं आली. मला केवढा आनंद! काकांना फोन करून म्हटलं, "तुमचं जुनं म्हणणं खरं ठरलं की! जगाची एक भाषा झाली."

"हो का? तू काल मला जोडलेले हात पाठवलेस. ते काय होतं?"

"नमस्कार. दुसरं काय?"

"मला वाटलं, आता पुरे करा म्हणतोयस. नातू म्हणतो, टाळी आहे." मग खोखो हसले. "लेका, तोंडं काढणारा काढून मोकळा झाला. विचारत कोण बसलंय?"

मागच्या साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. मी दुपारी इस्पितळात पोचलो तेव्हा नर्स त्यांच्यापुढे एक तक्ता धरून उभी होती. ओळीने सहा चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका. किती दुखतंय ते बोट ठेवून सांगायचं. मला बघून काकांचे डोळे हलले, तेवढंच.

त्यांनी डाव्या हाताचं बोट शेवटच्या चेहऱ्यावर ठेवलं.

"बहुत दर्द है, अंकल?" नर्स म्हणाली आणि सुईची तयारी करायला लागली. काकांनी कपाळाला आठी घातली. पुन्हा त्या चेहऱ्यावर बोट टेकवलं, मग ते उचलून खिडकीकडे दाखवलं. पुन्हा चेहरा, पुन्हा खिडकी. मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर येतंय बिचाऱ्यांच्या. मी जाऊन पडदा ओढला. खिडकीपाशी त्यांची लेक पाठ करून उभी होती, तिला थोडं बाजूला व्हायला सांगितलं. सुई टोचली गेली. काका माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांचे डोळे मिटले.

लेकीबरोबर चहाला खाली उतरलो. लिफ्टमध्ये ती ओढणीने नाक पुसत म्हणाली, "दादा, मी त्यांच्यासमोर रडायला नको होतं ना? मला वाटलं, पाठ केली तर दिसणार नाही यार."

मी तसाच परत वर गेलो. काका औषधाच्या गुंगीत होते. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "काका, आत्ता कळलं, तो चेहरा तिचा होता. तिला सांभाळतो मी." त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. तिसऱ्या दिवशी ते गेले, त्याआधी डोळे उघडलेच नाहीत.

त्या पहिल्या दुपारी खोलीतून निघताना मी तो पडदा तेवढा पुन्हा बाजूला सारून आलो.