चुंबक फिरवला तरी काटा हलेना

मी पदार्थविज्ञान पुढे शिकायचं की नाही हे ठरवणार होते आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आणि आबांना घोड्यांपलीकडे कशात काडीचा रस नव्हता. आमचे कुणी पूर्वज घोड्यावर बसून म्हैसुरात आले ते जणू खाली उतरलेच नाहीत. आबा राजवाड्याच्या घोडदळात दफेदार होते. त्यांच्या तुकडीत एक जागा रिकामी झाली होती आणि माझ्यासाठी त्यांनी वरती शब्द टाकून ठेवला होता. मला मात्र बी.ए. झाल्यावर, तेव्हा पदार्थविज्ञानालाही बी.ए.च असे, मद्रासला जाऊन पुढे शिकायचं होतं.

“काय शिकलास ते मला सांग. आपल्या भाषेत,” आबा म्हणाले. “मला कळलं तर जा मद्रासला. नाही कळलं तर सुम्ने, उगीच, कशाला जायचं? दसऱ्याआधी घोडदळाचा डगला चढव अंगावर.”

आबांना कळलं की नाही हे ओळखायची एक खूण होती. भिडेखातर ते मराठीत “हं, कळलं” म्हणायचे. पण सारा जन्म तबेल्यात कन्नड बोलण्यात गेलेला, एखादी गोष्ट खरोखर डोक्यात शिरली की तोंडून निघायचं, “तिळीतु.” अर्थ तोच, कळलं. मला त्यांच्याकडून ते तिळीतु हवं होतं.

कॉलेजातल्या प्राध्यापकांची परवानगी काढून एका सकाळी मी आबांना प्रयोगशाळेत नेलं. पागोटं नीट बसवून, हात मागे बांधून ते टेबलापाशी उभे राहिले. एका दांड्यावर तांब्याची चकती होती आणि तिला लागूनच, त्याच दांड्यावर, गोल चुंबक. एक तार दांड्याला टेकलेली, दुसरी चकतीच्या कडेला, आणि दोन्ही तारा विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या काट्याच्या यंत्राला जोडलेल्या. चकती आणि चुंबक वेगवेगळे फिरवता यायचे, एकत्रही.

मी नुसती चकती फिरवली. काटा हलला. आबा वाकून बघू लागले. मला जोर चढला.

“आता चकती थांबवतो आणि चुंबक फिरवतो,” मी म्हणालो. “काटा तेवढाच हलणार. आपल्या घरच्या प्रदक्षिणेसारखं आहे, आबा.”

आमचा खंडोबा भिंतीतल्या कोनाड्यात. त्याच्याभोवती फिरायला जागाच नाही, म्हणून आरती झाली की सगळ्यांनी जागच्या जागी स्वतःभोवती गिरकी घ्यायची आणि ती प्रदक्षिणा धरायची. आई म्हणायची, आपण फिरलो काय आणि देव फिरला काय, एकच. हे वाक्य मी लहानपणापासून इतकं ऐकलं होतं की त्याचा मी नियमच करून टाकला होता. करून बघायची गरजही मला वाटली नव्हती.

मी चुंबक फिरवला. काटा हलेना. जोरात फिरवला, तरी हलेना. तारा पुसल्या, पुन्हा टेकवल्या, हात दुखेपर्यंत फिरवला. काटा ढिम्म. मग वैतागून दोन्ही एकत्र फिरवले, तर काटा हलला!

“म्हणजे चुंबकाची ती शक्ती त्याच्यासंगं फिरते की नाही?” आबांनी विचारलं.

“नाही फिरत. ती जागेवरच राहते.”

“चुंबक उचलून तिकडं नेला तर?”

“तर जाते त्याच्याबरोबर.”

“नेला की जाते, आणि फिरवला की जागेवर राहते? नोड, बघ, घोडा नेला की त्याची शेपूट जाते. घोडा वळला की शेपूट तिथंच राहते होय?”

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? “हं, कळलं,” आबा म्हणाले. मराठीत. आणि पागोटं सावरून निघून गेले.

मी प्राध्यापकांकडे धावलो. ते म्हणाले, “चुंबकाचं क्षेत्र फिरतं का, हा प्रश्नच परीक्षेत येत नाही. सूत्र लिहा, उत्तर बरोबर येतं.” उत्तर बरोबर येतं हे मलाही ठाऊक होतं! मी पहिल्या वर्गात उगीच नव्हतो आलो. पण चुंबक आणि चकती बरोबर फिरताहेत, त्या चकतीवर एक मुंगी बसली आहे. तिला चुंबक आपल्याखाली स्वस्थ पडलेला दिसणार. तिच्या लेखी काहीच हललेलं नाही. मग वीज येते कुठून? हे त्या सूत्राला विचारायची सोय नव्हती. मी जेवताना ताट फिरवायचो, पेला फिरवायचो, आई ओरडायची. डोक्याचा भुगा झाला. मला आबांचा राग यायचा, प्राध्यापकांचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त त्या काट्याचा.

दसरा जवळ आला. आबांनी एकदाच विचारलं, “सांगतोस काय काही?” मी नकारार्थी मान हलवली. त्याच आठवड्यात मद्रासला नकार गेला आणि माझ्या अंगावर डगला चढला.

नव्या स्वाराला आधी लांब दोरावर गोल फिरवतात. दोराचं एक टोक घोड्याला, दुसरं मध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. मध्ये आबाच उभे होते. घोडा फिरेल तसे तेही जागच्या जागी वळत होते, त्यामुळे मला त्यांचं तोंड सतत समोर दिसत होतं, तेच, तेवढंच, ओठ घट्ट मिटलेलं. आमच्या दोघांत काहीच हलत नव्हतं. धावत होतं ते कुंपण, आणि कुंपणापलीकडची चिंच.

आणि माझ्या अंगावर काटा आला. तार! मी इतके दिवस चुंबक आणि चकती या दोघांकडेच बघत होतो. टेबलाला बांधून ठेवलेल्या तारेला मी हिशेबातच धरलं नव्हतं. मुंगीला चुंबक स्थिर दिसेल, पण तार तिच्याभोवती धावताना दिसेल, या कुंपणासारखी.

“आबा!” मी खोगिरावरूनच ओरडलो. “चुंबक फिरो की न फिरो! तो सगळीकडून सारखाच, गोल खांबासारखा. फिरला तरी त्याच्या शक्तीत फरक पडत नाही. बघायचं ते चकती आणि तार यांच्याकडे. त्या दोघी एकमेकींपासून सरकल्या की काटा हलतो. नुसता चुंबक फिरवला तेव्हा त्या दोघीही उभ्याच होत्या!”

आबांनी घोडा थांबवला. दोर हातात धरून ते कुंपणाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा कुंपणाकडे. स्वतःभोवती एक सावकाश गिरकी घेतली त्यांनी, आरतीनंतर घ्यायचे तशी.

“तिळीतु,” ते म्हणाले.

मला रडू आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांत लगाम होता. आबांनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि दोराची गुंडाळी उगीचच सोडून पुन्हा घातली. खूप वेळ लावला त्याला.

“टाच खाली कर,” ते म्हणाले, आणि घोडा पुन्हा चालू केला.